उत्तर न आल्यास मान्य

आमच्या वहिनीला ऑफिसात सगळे 'दाखवा' म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कुणाची छाती आहे? पण पाठीमागे म्हणतात आणि तिला ते ठाऊक आहे. ती ऑडिटर. लोकांनी लिहिलेले हिशेब खरे आहेत की थापा, हे तपासायचं तिचं काम. गोदामात माल आहे म्हणालात? दाखवा. यंत्र चालू आहे म्हणालात? दाखवा, दाबा बटण. दादाशी तिचं लग्न ठरत होतं तेव्हा दादा जरा ऐटीत म्हणाला, "माझं चष्म्याचं दुकान आहे, चांगलं चालतं." ही म्हणाली, "दाखवा." आणि खरंच एका दुपारी येऊन दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली, गिऱ्हाइकं येतात की नाही ते बघत. दादा इतका गांगरला की त्यानं एका आजोबांच्या नाकावर बायकांची फ्रेम चढवून त्यांना घरी पाठवलं. तरी लग्न झालं. म्हणजे पास झाला असणार.

मी तिची नणंद. मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक आहे, आणि माझा आवाज हा तिसरा ब्रेक, असं शिकणारे म्हणतात. मला राग पटकन येतो आणि तो मी गिळत नाही. हे सांगताना मध्येच येणार आहे, आधीच सांगून ठेवते.

एकदा तिनं माझा जाड स्वेटर मागून नेला. एका शीतगृहात माल मोजायचा होता. मालकानं सोललेल्या मटाराचे खोके छताला टेकतील एवढे रचून ठेवले होते. ऑडिटर येतात, पुढचे दोन-चार खोके उघडतात, हात चोळत बाहेर पळतात. ही पळाली नाही. हिनं पार मागच्या भिंतीला टेकलेली रांग बाहेर काढायला लावली. हमाल कुरकुरले, मालक म्हणाला, बाई, थंडीनं आजारी पडाल, आधी चहा तर घ्या. मागच्या खोक्यांतून लाकडाचा भुसा निघाला. घरी आली तेव्हा नाक लाल झालं होतं आणि माझा स्वेटर भुशानं भरला होता. मी भडकले. ती म्हणाली, "पुढची रांग सगळेच नीट लावतात गं." आणि स्वेटर झटकायला गच्चीत गेली.

जेवताना ती कामातल्या गमती सांगायची तेव्हाच मला तो पत्रांचा प्रकार कळला. कंपनी म्हणते, अमक्याकडून आमचं येणं आहे. मग ऑडिटर त्या अमक्याला पत्र लिहून विचारतो. पत्रं दोन तऱ्हेची. एकात लिहायचं, हे बरोबर आहे की चूक, काय ते कळवा. दुसऱ्यात लिहायचं, चूक असेल तरच कळवा. उत्तर न आल्यास मान्य आहे असं धरू.

"दुसरं सोपं की," दादा म्हणाला.

"सोपंच. म्हणून तर सगळ्यांना आवडतं. अहो, लोक पाकीटसुद्धा फोडत नाहीत, त्यांना वाटतं बिल आलंय. न फोडलेल्या पाकिटाला मी होकार म्हणू?"

एवढी बिनतोड बाई. तिला कुणी गंडवेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तिला दिवस गेले. शहरातल्या चांगल्या हॉस्पिटलात नाव घातलं. आत शिरल्या शिरल्या समोर मोठी पाटी, 'वेदनामुक्त मातृत्व', खाली हसणारी बाई आणि गुबगुबीत बाळ. वहिनी त्या पाटीखाली उभी राहून मला हळूच म्हणाली होती, "दाखवा म्हणावं का?" आम्ही दोघी खुदुखुदू हसलो होतो. मग कळा लांबल्या, बाळाचे ठोके उतरायला लागले, आणि शस्त्रक्रिया करायची ठरली. तिला आत नेलं. दादा, आई आणि मी काचेच्या दाराबाहेर. थोड्या वेळानं नर्सबाईंनी गुंडाळलेलं गाठोडं आणून दाखवलं. मुलगी! एवढीशी, मूठ घट्ट मिटलेली. दादा रडायला लागला, मी नर्सबाईंनाच मिठी मारली. मग वहिनीची ट्रॉली आली. डोळे टक्क उघडे, छताकडे. मी वाकून म्हणाले, "वहिनी, मुलगी झाली गं!"

"हो," ती म्हणाली. "मी होते तिथे."

आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, काय विनोद केलाय बघा ह्या अवस्थेतही.

तिथून जे सुरू झालं त्याला काय नाव द्यावं, मला कळत नाही. भूतबीत मी मानत नाही. पण आमच्या घरात काहीतरी राहायला आलं, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. वहिनी पाठीवर झोपेना. खुर्चीत बसून झोपायची, मान एका बाजूला कलंडलेली. मी म्हणाले, हे काय, पाठ मोडेल. तर आई, जिला उठल्यासुटल्या सगळ्यांना सूचना द्यायची सवय, ती आई काही बोलली नाही. आपली जास्तीची उशी आणून वहिनीच्या पाठीशी लावली आणि मला म्हणाली, "झोपू दे तिला तशीच." आई स्वतःही कायम कुशीवर झोपते, दाराकडे तोंड करून. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

मग हिरवे पडदे गेले. चांगले नवे पडदे, वहिनीनंच निवडलेले. एका सकाळी तिनं खुर्चीवर चढून ते काढले आणि घडी करून बोहारणीला द्यायला ठेवले. ताटात चमचे पडले की ती जागच्या जागी थांबायची, आवाज विरेपर्यंत. डॉक्टरकडे पिटुकलीला लस द्यायला नेलं, त्या कापसाच्या बोळ्याचा वास आला आणि ही दारातूनच माघारी फिरली. लस मी देऊन आणली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणी तिच्याशी मायेनं बोललं की ती पांढरीफटक पडायची. दादा मऊ स्वभावाचा. "काही नाही गं, होईल सगळं ठीक," असं म्हणत तो तिच्या कपाळावर हात ठेवायला गेला, तर तिनं हात असा झटकला की त्याचा चष्मा उडाला. दादा बिचारा दिवसभर बिनचष्म्याचा दुकानात बसला. चष्म्याच्या दुकानात!

मी चिडून बोललेलं मात्र तिला चालायचं. उलट बरं वाटायचं. मी ओरडले की ती हसायची. मला वाटलं, वा, निदान माझी तरी किंमत आहे.

पिटुकली दुडुदुडु पळायला लागली तेव्हा मी ठरवलं, हिला गाडी शिकवायची. मोकळी हवा लागेल, मन रमेल. बंद पडलेल्या बाजाराच्या मागे एक मैदान आहे, तिथे मी दोन ड्रम ठेवते आणि त्यांच्यामधून गाडी मागे घ्यायला लावते. बाकी सगळं तिला झकास जमलं. मागे घेणं जमेना. घामाघूम झाली. मला तिची दया आली, आणि काय बुद्धी झाली कोण जाणे, मी आवाज मऊ करून म्हणाले, "काही नाही हं, काही नाही. झालंच. झालंच हं."

गाडी आचका देऊन थांबली. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून छातीशी घेतले. मग दार उघडलं, उतरली, आणि मैदानाच्या कडेला दगडावर जाऊन बसली. मी धावत गेले.

"काय झालं? पोटात दुखतंय का?"

"तू तसं बोलू नकोस," ती म्हणाली. "तू ओरड. तू त्या आवाजात बोलू नकोस."

आणि मग तिनं सांगितलं. जमिनीकडे बघत, अगदी कामाचा अहवाल सांगावा तसं.

"कमरेत सुई दिली. म्हणाले, पाय उचला. उचलले गेले नाहीत. म्हणाले, छान, लागली भूल. खरं तर पोटावर थंड काहीतरी लावून बघायचं असतं, कुठवर कळतंय ते. विचारायचं असतं, इथे कळतंय का, इथे कळतंय का. मी नंतर वाचलं सगळं. माझं नाही बघितलं. घाई होती. पाय हलत नाहीत, एवढ्यावरून त्यांनी पोटाचं ठरवून टाकलं."

"पुढची रांग बघितली," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. "हो. तसंच."

"म्हणजे तुला कळत होतं?"

"चिरताना कळलं. पुढचंही कळलं. मी म्हणाले, दुखतंय. एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हणाले. माझ्या डोक्याशी भुलीचे डॉक्टर बसले होते. कपाळावरून हात फिरवत होते. काय मायाळू आवाज गं. 'दुखत नाहीये हं, नुसतं ओढल्यासारखं वाटतंय. झालंच हं, झालंच.' ते खेकसले असते ना, तर मी किंचाळले असते. पण ते इतक्या प्रेमानं सांगत होते की मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग मी बोलायची थांबले. मी थांबले तर ते म्हणाले, बघा, आता बरं वाटतंय ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, गाडीकडे निघाले. त्या हॉस्पिटलच्या काचेच्या दारातून गाडी आत घालायची, एवढंच मला सुचत होतं.

"आधी दगडाला लाथ मारून घे," वहिनी म्हणाली. "आणि इंजिन बंद कर, केव्हाचं चालू आहे."

मी लाथ मारली. अंगठा सुजला. परत येऊन तिच्याशेजारी बसले. "घरी बोलली का नाहीस?"

"ह्यांना बोलले. हे म्हणाले, बाळ ठणठणीत आहे ना, मग झालं तर. आईंनाही बोलले. त्या उठून पाणी आणायला गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. मग मी म्हटलं, जाऊ दे. उद्या कुणी मला म्हणालं, दाखवा, तर मी काय दाखवणार? व्रण दाखवता येतो. तो तर सगळ्यांनाच असतो. दुखलेलं कसं दाखवतात?"

तिला खरी भीती ह्याची होती. त्या शस्त्रक्रियेच्या टेबलाची नव्हे. आपण म्हणालो ते खरं होतं की नाही, हेच तिला आता ठाम सांगता येईना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दावर विश्वास न ठेवलेली बाई, आणि तिचा स्वतःवरचाच उडाला होता.

ह्यानंतर काही काळानं त्या हॉस्पिटलनं आपले शेअर बाजारात आणायचं ठरवलं. गावोगावी शाखा काढायच्या, त्यासाठी लोकांकडून पैसा उभा करायचा. त्याची माहितीपुस्तिका निघणार होती, आणि तीत लिहिलेले आकडे तपासून सही द्यायचं काम नेमकं वहिनीच्या ऑफिसकडे आलं. आमच्या दादाच्या तर अंगात आलं. "आपल्या पिटुकलीचं हॉस्पिटल! दुकानातली शिल्लक तिथेच गुंतवू." वहिनी म्हणाली, "ह्या विषयावर मी घरात बोलू शकत नाही." दादा रुसला. मी म्हणाले, ती बोलू शकत नाही म्हणतेय, तर तू गुंतवू नकोस, एवढी अक्कल पुरे.

पुस्तिकेत एक ओळ होती. प्रसूतीच्या शस्त्रक्रियांत वेदनेबद्दलच्या तक्रारी: शून्य. दागिन्यासारखी वर मिरवलेली ओळ, कारण 'वेदनामुक्त' ह्या नावावरच सगळा धंदा. हॉस्पिटलचे हिशेब बघणारे एक गुळगुळीत गृहस्थ होते, वहिनी त्यांना 'अत्तर' म्हणायची. ती त्यांच्यापुढे जाऊन बसली आणि म्हणाली, "हे शून्य कसं आलं, दाखवा."

अत्तर खूश. "सोप्पं आहे मॅडम. घरी गेल्यावर प्रत्येक आईला फोनवर मेसेज जातो. काही तक्रार असल्यास कळवा, उत्तर न आल्यास सेवा समाधानकारक होती असे मानले जाईल. आजवर एकीनंही वेदनेबद्दल कळवलेलं नाही."

तिला तो मेसेज आठवला. पिटुकलीला अंगावर पाजत होती, खुर्चीत बसून, तेव्हा फोन वाजला होता. तिनं वाचला होता आणि फोन पालथा घालून ठेवला होता. ती त्या शून्यात होती.

मला हे सगळं कसं माहीत? त्या संध्याकाळी मी तिला आणायला ऑफिसात गेले होते. ती मोठ्या साहेबांच्या खोलीत होती, मी बाहेर काचेच्या पार्टिशनला टेकून. साहेबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्यानं बोलतात आणि समोरच्यालाही मोठ्यानं बोलावं लागतं. मी कान देऊन ऐकत नव्हते. ठीक आहे, देऊन ऐकत होते.

तिनं त्यांना सगळं सांगितलं. मैदानावर मला सांगितलं तसंच, कोरडं.

"तुझं बाळंतपण तिथलं, हे मला माहीत होतं," साहेब म्हणाले. "त्यानं बिघडत नव्हतं. पण तुझीच तक्रार आहे म्हटल्यावर तू ह्या कामावर राहू शकत नाहीस. उद्या ते म्हणतील, बाईनं सूड उगवला."

"हो, साहेब."

"आणि तू गेलीस की हा प्रश्न विचारणारं कुणी राहत नाही. दुसरा कुणी येईल, मेसेज बघेल, शून्य बघेल, बरोबरची खूण करेल. लोक त्या शून्यावर भरवसा ठेवून पैसे लावतील. पुढे कधी ह्या बायका एकत्र कोर्टात उभ्या राहिल्या तर कंपनी गाळात, आणि पैसे लावणारेही तिच्याबरोबर. त्यांना कुणी सांगितलेलंच नसेल."

"हो, साहेब."

मग साहेबांनी आवाज खाली आणला. म्हणजे त्यांच्या मते खाली. "हे बघ. माझे कान हे असे. मला आज काही ऐकू आलं नाही. तू काम चालू ठेव. बायकांना फोन कर, त्यांना विचार. तुझं एकटीचं तेवढं राहू दे."

मी काचेबाहेर मनातल्या मनात नाचले. घे, घे! कधी नव्हे ते म्हाताऱ्यानं शहाणपणा केलाय, घे!

तिनं पुढ्यातली फाईल मिटली. मग म्हणाली, "म्हणजे पुन्हा मीच गप्प बसायचं ना, साहेब?"

साहेबांना हे नीट ऐकू आलं असावं.

"मला कामावरून काढा," ती म्हणाली. "तो नियम बरोबर आहे. पण मला मोजा. ऑडिटर म्हणून काढा आणि बाई म्हणून मोजा. एक जरी तक्रार कळली तरी शून्यावर सही करता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंय. आणि बाकीच्यांना मेसेज नको. फोन करा, सरळ विचारा, दुखलं का. हो की नाही. आणि उत्तर येईपर्यंत थांबा."

"बघतो," साहेब म्हणाले.

बघतो! गाडीत बसल्यावर मी त्या 'बघतो'चा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

पुढे ते कसं सुटलं हे आत्ताच सांगून टाकते, कारण ताटकळत ठेवलेलं मला स्वतःला खपत नाही. साहेबांनी शून्यावर सही दिली नाही. त्यांनी खरंच फोन करायला लावले. पुष्कळ जणी म्हणाल्या, नाही, काही कळलंसुद्धा नाही, छान झालं. ते खरंच असणार, भूल बहुतेक वेळा नीट लागतेच. पण काही जणी फोनवर आधी गप्प झाल्या. त्यातल्या एकीनं म्हणे विचारलं, तुम्हाला कसं कळलं? पुस्तिका अडकली, अत्तर साहेबांच्या खोलीत येऊन घाम गाळून गेले, आणि शेवटी ती निघाली तेव्हा शून्याच्या जागी एक परिच्छेद होता, बारीक अक्षरांत, पण होता. तरी लोकांनी शेअर घेतलेच. घेऊ देत बापडे. वाचून घेतले ना? आता तिथे चिरण्याआधी थंड लावून विचारतात म्हणे. म्हणे हां. मी बघितलेलं नाही.

पण हे सगळं नंतर. मधले दिवस मात्र कठीण गेले. वहिनीला दुसऱ्याच कामावर टाकलं, एका बिस्किटांच्या कारखान्यात. ऑफिसात कुजबुज झाली, बाळंतपणानंतर बायकांचं डोकं जरा असं होतं म्हणून. घरात राहायला आलेला तो मायाळू आवाज वाढला. ती भांडी लावता लावता मागे वळून बघायची, कुणी बोललं का म्हणून. साहेबांचा फोन येत नव्हता. एकदा ती मला म्हणाली, "त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून 'नाही' आलं तर?"

सुट्टीच्या सकाळी फोन आला. आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाशी. दादा एका चष्म्याचा बारीक स्क्रू पिळत होता, आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, वहिनी पिटुकलीसाठी संत्रं सोलत होती. हात चिकट होते म्हणून तिनं कोपरानंच फोन पुढे सरकवला आणि मी स्पीकर लावला.

"नमस्कार. मी हिशेब तपासनीस बोलतोय." साहेबच, पण एरवी तिला 'तू' म्हणणारे साहेब तिला 'तुम्ही' म्हणत होते. "तुमची प्रसूतीची शस्त्रक्रिया झाली होती. त्याबद्दल मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. उत्तर हो किंवा नाही, एवढंच द्यायचं. शस्त्रक्रिया चालू असताना तुम्हाला दुखलं का?"

वहिनीच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं तसंच राहिलं.

ती बोलेना. तिचे ओठ हलले, पण आवाज नाही. नजर छताला लागली, त्या दिवशी ट्रॉलीवर लागली होती तशी. मला वाटलं, गेली, परत तिथे गेली. टेबलाखाली माझा पाय ब्रेक दाबत होता, जो तिथे नव्हताच. मी ओरडून 'हो' म्हणणार होते. पण ते माझं उत्तर नव्हतं, आणि एवढं मला कळलं हेच नवल.

दादा हळूच म्हणाला, "राहू दे गं, नको त्रास करून घेऊस," आणि फोनकडे हात नेला. मी त्याच्या हातावर फटका मारला. स्क्रू उडाला.

"मी थांबलोय," साहेब म्हणाले. "घाई नाही. उत्तर आल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही."

"हो," वहिनी म्हणाली.

मग पुन्हा, मोठ्यानं, कमी ऐकणाऱ्या माणसाला ऐकू जाईल असं, "हो. दुखलं. आणि मी तेव्हा सांगितलंही होतं."

"लिहून घेतलं," साहेब म्हणाले.

तिनं चिकट हात तसेच तोंडावर घेतले आणि रडायला लागली. दादा स्क्रू शोधायला म्हणून टेबलाखाली वाकला आणि वर येईना. पिटुकलीनं एक फोड उचलून आईच्या गुडघ्यावर ठेवली. मी काय करत होते ते मला आठवत नाही. मीही रडत असणार.

"साहेब, ठेवू नका," आई म्हणाली.

तिनं हातातली घडी खाली ठेवली होती. ती फोनवर अगदी वाकली, कारण लांबून बोललेलं त्याला ऐकू जातं यावर तिचा विश्वास नाही. "मी हिची सासू. माझंही लिहून घ्या."

"तुमची शस्त्रक्रिया ह्याच हॉस्पिटलात झाली होती का, आजी?"

"नाही हो. ते हॉस्पिटल आता जागेवरसुद्धा नाही. हिच्या वेळेला झाली." आईनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "टाके घालत होते तेव्हा भूल उतरली होती. बाळ रडत होतं, सगळे तिच्याकडे बघत होते. मग कुणी विचारलंच नाही, आणि मग वर्षं गेली."

माझ्या वाढदिवसाला आई दर वर्षी सकाळी माझ्या तोंडावरून हात फिरवते आणि लगेच दुसऱ्या खोलीत निघून जाते. मला वाटायचं, तिला कामं असतात.

साहेबांच्या कागदात आमच्या आईला कुठे जागा असणार? वहिनीनं डोळे पुसले आणि फोन आईच्या जवळ सरकवला.

"साहेब, त्यांनाही विचारा," ती म्हणाली. "सरळ."

साहेबांनी घसा साफ केला. "आजी, शस्त्रक्रिया चालू असताना तुम्हाला दुखलं का?"

कुणीही घाई केली नाही. दादासुद्धा टेबलाखालून वर आला आणि थांबला.

"हो," आई म्हणाली. मग फोन सोडून ती माझ्याकडे वळली. "तुझ्यामुळे नव्हे हं," ती म्हणाली.